सागरी चाचणीला टाक्या भरूनच का निघतो?

चाचणीची तारीख ठरली की मालकांचा फोन येतोच: "डिझेल एवढं कशाला भरता? हलकी असू दे, जरा पळवून बघू." पळवायची हौस आम्हालाही आहे. पण लांब पल्ल्याची मोटर यॉट तुम्ही रिकामी फिरवायला घेतलेली नाही.

4000 लिटर डिझेल म्हणजेच जवळपास साडेतीन टन. त्यावर पिण्याचं पाणी, नांगराची साखळी, वरची छोटी होडी, सुटे भाग. रिकाम्या बोटीत इंजिन पूर्ण आरपीएम सहज गाठतं, सगळे खूश होतात. महिन्याभरात सामान चढतं, बोट पाण्यात खाली बसते आणि तेच इंजिन शंभर-दीडशे आरपीएम अलीकडेच अडकतं. काळा धूर, एक्झॉस्ट तापलेला. याचा अर्थ पंख्याचा (प्रोपेलरचा) पिच, म्हणजे पात्यांचा तिरपेपणा, जास्त झाला. मग बोट क्रेनने बाहेर काढा, पंखा उतरवा, पिच कमी करा, पुन्हा पाण्यात, पुन्हा चाचणी. इंजिन कंपन्याही भरलेल्या बोटीतच पूर्ण आरपीएम मागतात. म्हणून तुमचं सामान पोहोचलं नसेल तर आम्ही तेवढ्या वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवतो, त्याचे पैसे वेगळे लावत नाही.

वेग मोजताना एकाच अंतरावर जाऊन-येऊन दोन्ही वेगांची सरासरी काढतो. एका दिशेचा जीपीएसचा आकडा फोटोपुरता ठीक, त्यात प्रवाहाचाही वाटा असतो.

खरं तर तुमच्या कामाचा आकडा कमाल वेगाचा नाहीच. 10 नॉटवरून 8 वर आलात की लागणारी ताकद निम्म्यावर येते, आणि त्याच टाकीत पल्ला साधारण दीडपट होतो. डिझेल इंजिन घेतलेलं बरंचसं इंधन टाकीत परत पाठवतं, त्यामुळे आम्ही जाणाऱ्या आणि परतणाऱ्या अशा दोन्ही नळ्यांवर मीटर लावतो. वेगवेगळ्या आरपीएमला किती खर्च झाला त्याचा तक्ता बोटीसोबत मिळतो. दुसरीकडे बांधलेल्या बोटीलाही असा तक्ता करून देतो.

बोट पाण्यात उतरवल्यावर काही दिवस नुसती उभी ठेवतो, त्यावरही कुरकुर होते. पाण्यात तळाचा आकार किंचित बदलतो, म्हणून शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) आणि गिअरची सरळ रेषा तरंगत्या बोटीतच पुन्हा तपासावी लागते.

सामानाची वजनासकट यादी आठवडाभर आधी पाठवा. मधल्या काळात छोटी होडी बदलून मोठी घेतली असेल तर तेही लिहा, नेमकं तेच राहून जातं.