जुन्या गाडीचा करंट जातो तेव्हा: दोष कॉइलचा की कंडेन्सरचा?

घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा चढ सुरू होतो तेथे, मे महिन्यातील एका दुपारी, माझी 1983 सालची प्रीमियर पद्मिनी दोन-तीन आचके देऊन बंद पडली. पाऊण तास बॉनेट उघडे ठेवल्यावर ती पहिल्याच सेल्फला चालू झाली. ठाण्यात परतल्यावर मेकॅनिकने सारे ऐकून घेतले आणि ‘गरम झाल्यावर बंद पडते म्हणजे कॉइल गेली’ असे सांगून नवी कॉइल बसवली. नौपाडा ते तलावपाळी अशा रोजच्या फेऱ्यांत गाडी आठवडाभर उत्तम चालली आणि पुढच्या रविवारी त्याच चढावर तशीच बंद पडली. दोष कंडेन्सरचा होता. पॉइंटच्या, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कटोकांच्या, काळातील गाडी सांभाळणाऱ्यांमध्ये ही गल्लत फार होते आणि तिच्यापायी चांगल्या जुन्या कॉइली भंगारात जातात, म्हणून या दोन वस्तूंमधील फरक मला सविस्तर मांडावासा वाटतो.

कॉइल म्हणजे एका लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. एकात जाड तारेचे काहीशे फेरे असतात, दुसऱ्यात केसासारख्या बारीक तारेचे हजारो. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा प्रवाह जाड वेटोळ्यातून वाहतो आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होते; पॉइंट उघडताच तो प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि बारीक वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्ट निर्माण होऊन ते डिस्ट्रिब्युटरमधील (प्रत्येक सिलिंडरला पाळीने करंट वाटणाऱ्या भागातील) फिरत्या रोटरमार्गे प्लगपर्यंत पोहोचतात. चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांवर असेल तर हे सेकंदाला 100 वेळा घडते.

कंडेन्सर हा अंगठ्याच्या पेराएवढा पत्र्याचा डबा असून त्यात धातूची पातळ पट्टी आणि इन्सुलेशनचा कागद यांची गुंडाळी असते. तो पॉइंटना समांतर जोडलेला असतो आणि त्याची क्षमता साधारणपणे 0.2 ते 0.25 मायक्रोफॅरॅड असते. पॉइंट उघडतात त्या क्षणी जाड वेटोळ्यातही दोन-तीनशे व्होल्टचा झटका उठतो, आणि त्याला दुसरीकडे वाट मिळाली नाही तर तो पॉइंटच्या फटीतूनच ठिणगी होऊन उडी मारतो. कंडेन्सर हा झटका स्वतःमध्ये सामावून घेतो, त्यामुळे पॉइंट जळत नाहीत. परंतु त्याचे अधिक महत्त्वाचे काम असे की, प्रवाह रेंगाळत न थांबता एकदम तुटावा आणि क्षेत्र झपाट्याने कोसळावे याची तो व्यवस्था करतो. क्षेत्र संथपणे कोसळले तर कॉइल कितीही नवी असली तरी प्लगला पिवळट, मरतुकडीच ठिणगी मिळते. कंडेन्सर बिघडला की कॉइल बिघडल्यासारखी वागते, आणि सगळा घोळ येथून सुरू होतो.

उष्णतेने दोन्ही वस्तू बिघडतात हेही लक्षात घेतले पाहिजे. कॉइलच्या आतील इन्सुलेशन जुने झाले की तापल्यावर शेजारच्या फेऱ्यांमध्येच गळती सुरू होते आणि थंड झाल्यावर ती थांबते. कंडेन्सरमधील कागदाचेही तसेच होते; शिवाय तो डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे पर्यायाने इंजिनलाच, चिकटलेला असल्यामुळे गाडी बंद पडून पंख्याचा वारा थांबल्यावर आणखी तापतो. त्यामुळे ‘गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू’ एवढ्यावरून कॉइल दोषी ठरत नाही. भाग बदलायला लागणाऱ्या अर्ध्या तासात इंजिन निवते आणि गाडी चालू होते, मग श्रेय नव्या भागाला दिले जाते. माझ्या गाडीचे नेमके हेच झाले, कारण शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ती गायमुखच्या चढाइतकी कधी तापलीच नाही.

फरक ओळखण्याची सर्वांत बोलकी जागा पॉइंटच्या तोंडाशी आहे. डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर काढून, पॉइंट स्क्रूड्रायव्हरने हलकेच उघडून, टॉर्चच्या उजेडात दोन्ही टोके पाहावीत. निरोगी पॉइंट करडे आणि साधारण सपाट दिसतात. कंडेन्सर निकामी होत असेल तर ती काळीनिळी पडतात, आणि त्याची क्षमता योग्य नसेल तर एका टोकावर तांदळाच्या कणीएवढा उंचवटा व समोरच्या टोकावर तेवढाच खड्डा तयार होतो. नुसती कॉइल अशक्त झालेली असते तेव्हा पॉइंट बहुधा चांगले राहतात. माझ्या गाडीचे पॉइंट मी दोन महिन्यांत दोनदा घासले होते आणि दोन्ही वेळा तो दोष पॉइंटच्या हलक्या दर्जाचा मानला होता. खरे तर तेव्हाच कंडेन्सरकडे लक्ष जायला हवे होते.

दुसरी खूण बिघाडाच्या वागण्यात असते. कंडेन्सरच्या आतील जोड सैल झाला असेल किंवा त्याचा अर्थचा (गाडीच्या धातूशी जोडणारा) स्क्रू ढिला असेल तर मिसिंग, म्हणजे ठिणगी हुकून इंजिन अडखळणे, लहरी असते: खड्ड्याच्या धक्क्याने येते, धक्क्यानेच जाते, मध्येच सायलेन्सरमध्ये फटाका वाजतो. कॉइलचा दोष तुलनेने ठरावीक वेळेवर, इंजिन ठरावीक तापल्यावर येतो. तरीही या एकट्या खुणेवर विसंबून मी निर्णय घेणार नाही, कारण डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटकडे जाणारी छोटी लवचीक तार आवरणाच्या आत तुटलेली असली तरी अशीच लहरी मिसिंग होते.

प्रत्यक्ष तपासणीसाठी 12 व्होल्टचा साधा टेस्ट लॅम्प पुरतो. कॉइलच्या ज्या टर्मिनलवरून तार डिस्ट्रिब्युटरकडे जाते, ते टर्मिनल आणि अर्थ यांच्यामध्ये दिवा जोडून, इग्निशन चालू ठेवून, कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. दिवा लुकलुकला पाहिजे. तो सतत पेटलेलाच राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांच्यावर घाण बसली आहे. तो अजिबात पेटला नाही तर डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी तार कॉइलवरून सोडवावी: आता पेटला तर कॉइलचे जाड वेटोळे अखंड आहे आणि अडचण पुढे आहे, म्हणजे कंडेन्सर आतून शॉर्ट झाला आहे किंवा पॉइंट अर्थला चिकटले आहेत; आताही पेटला नाही, आणि स्विचकडून येणाऱ्या टर्मिनलवर मात्र पेटत असेल, तर कॉइल तुटली आहे.

मल्टिमीटरचाही उपयोग आहे, पण मर्यादित. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा प्रवाह मर्यादित ठेवणारा वेगळा रोध) नसलेल्या 12 व्होल्टच्या कॉइलचे जाड वेटोळे सुमारे 3 ओहम आणि बारीक वेटोळे काही हजार ओहम दाखवते. मात्र मीटर एक-दोन व्होल्टवर मोजतो आणि प्रत्यक्षात कंडेन्सरला शेकडो, तर कॉइलला हजारो व्होल्ट सोसायचे असतात. म्हणून मीटरने नापास केलेला भाग निश्चित वाईट असतो, पण पास केलेला भाग चांगलाच असेल असे नाही. यासाठी मी खात्रीचा एक कंडेन्सर, त्याच्या तारेला क्लिप लावून, गाडीत ठेवतो. संशयित कंडेन्सरची तार सोडवायची, हा बाहेरून कॉइलच्या त्याच टर्मिनलला जोडायचा आणि त्याचा डबा इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवायचा. जुना न सोडवता नुसता समांतर जोडल्यास, जुना शॉर्ट असेल तर काहीच फरक पडत नाही आणि निष्कर्ष चुकतो. हे सर्व गाडी तापून बंद पडलेली असतानाच करावे, कारण निवलेल्या गाडीवर दोन्ही भाग निर्दोष दिसतात.

याच वेळी कॉइलमधून निघणारी हाय टेन्शन वायर इन्सुलेटेड पकडीने धरून, तिचे टोक इंजिनपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवून ठिणगी पाहावी. अर्थात आसपास पेट्रोलची गळती नाही याची आधी खात्री करून. कंडेन्सर बदलताच ठिणगी निळी आणि कडकडीत झाली तर प्रश्न मिटला. नाही झाली आणि कॉइलवर ओले फडके गुंडाळल्यावर ती सुधारली, तर कॉइलच दोषी धरावी. ठिणगी आधीपासूनच उत्तम असेल तर शोध पेट्रोल पंप आणि व्हेपर लॉकच्या (उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडण्याच्या) दिशेने न्यावा.

पॉइंट जळण्याचा दोष कंडेन्सरवर ठेवण्यापूर्वी कॉइलही योग्य जातीची आहे ना, हे पाहणे आवश्यक आहे. बॅलास्टसोबत वापरायची 1.5 ओहमची कॉइल बॅलास्ट नसलेल्या गाडीला लावली तर पॉइंटमधून 4 ऐवजी 8 अँपिअर वाहू शकतात आणि नवे पॉइंट लवकरच जळून जातात. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत कॉइलच्या तोंडावर तडा किंवा काळी रेघ असेल तर करंट तेथूनच निसटतो. अंधारात बॉनेट उघडल्यास तेथे निळी ठिणगी सरपटताना दिसते. त्यात कंडेन्सरचा काहीही संबंध नसतो. तसेच इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवून गाणी ऐकणे कॉइलला घातक आहे: पॉइंट मिटलेले राहिले तर 3 ओहमच्या वेटोळ्यात 48 वॉट उष्णता सतत निर्माण होत राहते.

माझ्या गाडीत कंडेन्सर आणि पॉइंट बदलून, फिलर गेजने फट लावून, मी मेकॅनिकने काढून ठेवलेली जुनी कॉइल पुन्हा बसवली आणि नवी डिकीत ठेवली. त्यानंतर दोन उन्हाळे गायमुखचा चढ त्याच कॉइलवर चढून झाला आहे.