बारा देहांतरांचा नियम आरंभापासून नव्हता
बीबीसीच्या १९६३ साली सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या नायकाला, म्हणजे परग्रहवासी डॉक्टरला, बाराच वेळा देहांतर (मरणाच्या वेळी नवे शरीर धारण) करता येते, हा नियम आरंभापासूनच ठरलेला होता, असे अनेक चाहते आजही सांगतात. ते खरे नाही. १९६६ मध्ये डॉक्टरच्या भूमिकेत विल्यम हार्टनेल या अभिनेत्याच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले, तेव्हा नियम तर सोडाच, या बदलाला ‘रीजनरेशन’ हे नावही नव्हते. ते १९७४ मध्ये मिळाले. उलट १९६९ च्या ‘द वॉर गेम्स’ या कथेत, अपघात टळले तर आपले लोक कायम जगू शकतात, असे डॉक्टर स्वतःच सांगतो, आणि नंतरच्या नियमावरून हे वाक्य चूक ठरवणे मला अन्यायाचे वाटते. बाराची मर्यादा प्रथम १९७६ च्या ‘द डेडली असॅसिन’मध्ये आली, तीही डॉक्टरच्याच लोकांपैकी असलेल्या मास्टर या खलनायकाच्या मरणोन्मुख अवस्थेचे कारण म्हणून.