डास न चावताही

मिरजेहून एखाद्याचं हृदय पुण्याला निघालं की पोलीस रस्ता मोकळा ठेवतात. घाई खरीच आहे. काढलेलं हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत धडधडायला हवं. किडनीला त्यापेक्षा बरीच जास्त सवड मिळते.

ज्या पेटीतून अवयव जातो, तिच्यातून त्याच्यासोबत विषाणूही जाऊ शकतो. 2002 साली अमेरिकेत जॉर्जियातल्या एका दात्याचे अवयव चौघांना बसवले. चौघांनाही वेस्ट नाईल विषाणूची लागण झाली, तिघांच्या मेंदूला सूज आली, एक दगावला. शोध घेताना मागे जावं लागलं. उपचारांत दात्याला 63 जणांचं रक्त आणि रक्तघटक दिले होते. रक्त चढवण्याआधीच्या त्याच्या नमुन्यात विषाणू नव्हता, अवयव काढतानाच्या नमुन्यात मात्र होता. विषाणूशी लढायला शरीर जी प्रथिनं बनवतं, ती प्रतिपिंडं तोवर तयारच झाली नव्हती. म्हणजे नुसती प्रतिपिंडांची चाचणी केली असती, तर निकाल 'निर्दोष' आला असता.

गंमत अशी, की हा विषाणू मुळात पक्षी आणि क्युलेक्स डास यांच्यातच फिरतो. माणसाच्या रक्तात तो इतका थोडा असतो, की आपल्याला चावलेला डास तो पुढे नेऊ शकत नाही. निसर्गात आपल्यापाशी त्याची वाट संपते. ती पुढे चालू केली आपणच, सुईने आणि सुरीने. शिवाय नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली असते. विषाणूला आणखी काय हवं!

आपल्याकडे जास्त विचार डेंग्यूचा करायला हवा. दुष्काळी जत-आटपाडीकडे पाणी बॅरलमध्ये साठवून ठेवावं लागतं आणि डेंग्यूच्या डासाला तेच हवं असतं. बऱ्याच जणांना लागण होऊनही ताप येत नाही. ज्यांना येतो, त्यांच्या रक्तात विषाणू तापाच्या आदल्या दिवशीही असू शकतो. दात्याकडून डेंग्यू गेल्याची उदाहरणं भारतातही नोंदलेली आहेत.

भावाला किडनी देणाऱ्या बहिणीला ताप आला, तर शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे ढकलता येते. मेंदूमृत दात्याच्या बाबतीत ती सोय नाही. तिथे तपासणीइतकाच आधार नातेवाइकांच्या आठवणीचा. अतिदक्षता विभागाबाहेर रडून थकलेल्या माणसाला विचारावं लागतं, "गेल्या दोन-तीन आठवड्यांत ताप-बीप आला होता का?"

"अंग दुखतंय म्हणत होता. गोळी घेतली आन् गेला ऊसतोडीला."

एवढ्यावर नकार द्यायचा का? डायलिसिसवरचा रुग्ण दुसऱ्या किडनीची वाट पाहू शकेल. हृदयासाठी थांबलेल्याला कदाचित पुढचा महिनाही दिसणार नाही.