जुनी उघडी जिप्सी: इंजिनाआधी रबर बघा

सॉफ्ट-टॉपची जुनी मारुती जिप्सी घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात आणि मीटरवरचे किलोमीटर वाचतात. तिथे सहसा काही बिघडलेलं नसतं. बिघडतं ते रबर. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि बॉनेटखाली त्याहून बराच वर. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. हवेतला ऑक्सिजन रबराला कडक करतो आणि ओझोन ताणलेल्या जागी बारीक भेगा पाडतो. गाडी उभी असली तरी हे चालूच राहतं, त्यामुळे ‘फक्त चाळीस हजार पळालीय’ याला फारसा अर्थ नाही.

कंपनीच्या रिकॉलची, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावण्याची, वाट बघण्यातही अर्थ नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात रिकॉलचं कलम ११०-अ आलं आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहेत, आणि रिकॉल असतो तो मुळातल्या दोषासाठी, झिजेसाठी नव्हे. कंपन्या आपणहून जुन्या गाड्याही बोलावतात. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगांचं तसंच झालं: त्यातलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतं, मग बॅग फुगताना इन्फ्लेटरच (गॅस सोडणारा धातूचा डबा) फुटून धातूचे तुकडे उडतात. जिप्सीला एअरबॅगच नाही, तेव्हा ही भीती नाही. पण घरात दुसरी एखादी जुनी गाडी असेल तर तिचा चॅसी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा. रिकॉल गाडीला लागू असतो, त्यामुळे तिसऱ्या मालकालाही काम फुकट करून मिळतं.

सर्वांत फसवा भाग म्हणजे ब्रेकचा होज पाइप, ब्रेक ऑइल चाकापर्यंत नेणारी रबरी नळी. बाहेरून धड दिसतो, पण आतून सुजतो. पायाचा जोर ऑइल पुढे ढकलतो, पाय उचलल्यावर मात्र ते मागे यायला वाट राहत नाही. त्या चाकाचा ब्रेक धरलेलाच राहतो, चाक तापतं आणि गाडी एका बाजूला ओढते. मेकॅनिक कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) बदलतो, दोष तसाच राहतो. खात्री करायची तर चाक जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा. चाक फिरत नसेल तर ब्लीड निपल (चाकाजवळचा ब्रेक ऑइल सोडायचा स्क्रू) थोडी सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर अडथळा ऑइलच्या वाटेत आहे, आणि पहिला संशय होजवर घ्यायचा. होज जोडीनेच बदला. ब्रेक ऑइलही दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं: डॉट ३ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, पाणी मुरल्यावरची मर्यादा १४० अंश. तोरणमाळचा किंवा कन्नडचा घाट उतरताना पेडल अचानक खाली गेलं, तर ऑइलमध्ये वाफ झालेली असू शकते.

कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना भाग) जिप्सीचा उन्हाळी आजार म्हणजे तापलेलं इंजिन बंद केल्यावर पुन्हा चालू न होणं. पेट्रोलचा पंप इंजिनालाच बसवलेला असतो. त्याच्या ओढीने पाइपमधला दाब कमी होतो, पेट्रोल आतच उकळतं आणि पंपाला द्रवाऐवजी वाफ मिळते. पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबलं की गाडी चालू होते. गरम इंजिनावर पाणी ओतू नका, ब्लॉकला तडा जाईल. कायमचा उपाय हवा असेल तर टाकीकडे परत जाणारी नळी तुंबलेली नाही ना, आणि कार्ब्युरेटरखालचा उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे ना, हे बघा. हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या नळ्या फुगवतं आणि टाकीतला गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणतं. इथेनॉलला टिकणारी, एसएई जे३० आर९ छापाची नळी घ्या. चार पैसे जास्त जातील, पण गळक्या नळीखाली गरम एक्झॉस्ट असतो.

पन्नास-साठच्या वेगात स्टिअरिंग थरथरायला लागलं की बहुतेक जण स्टिअरिंगचा डँपर (हादरे शोषणारा दांडा) बदलतात. थरथर दबते, मूळ कारण राहतं. पुढचं चाक उचला, टायर वर-खाली धरून हलवा आणि दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर चाकाचं बेअरिंग, राहिली तर किंगपिनचं, म्हणजे चाक डावी-उजवीकडे ज्यावर वळतं त्या खुंटीचं. काळ्या मातीची धूळ नकलच्या (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) सिलमधून आत जाते आणि किंगपिनची बेअरिंग खाते. नवी बसवताना शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून ताण जुळवावा लागतो: सिल काढलेलं असताना नकल स्प्रिंग काट्याने ओढा, ती साधारण १ ते १.८ किलोला हलायला हवी.

टायरच्या बाजूवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१७ म्हणजे २०१७ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचा टायर काढा.

राहिला हूड, म्हणजे रेक्झिनचं छत. उन्हाने रेक्झिनमधला मऊपणा उडून जातो, प्लास्टिकच्या खिडक्या पिवळ्या पडतात. डिसेंबरच्या पहाटे त्या दुमडू नका, चिरतात. ऊन चढू द्या. धुताना आधी पाण्याने धूळ काढा, मग सौम्य साबण. पेट्रोल किंवा थिनर लावू नका. फाटक्या हूडपेक्षा त्यातून झिरपलेलं पाणी महाग पडतं. ते मॅटखाली साचून पत्रा कुजवतं. मॅट उचला आणि सीटबेल्ट जिथे बोल्टने बसवलाय तिथला पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं, तर वेल्डिंग करून घेईपर्यंत त्या सीटवर कोणाला बसवू नका.