पॅसिव्ह मूव्हमेंट
पेशंटने स्वतः जोर लावायचा नाही, सांधा दुसऱ्याने हलवायचा, याला फिजिओथेरपीत पॅसिव्ह मूव्हमेंट म्हणतात. लकवा मारलेला हात, आयसीयूत बेशुद्ध असलेला माणूस, किंवा जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम, २०२५ च्या जानेवारीत पुण्यात साथ आली तोच नसांचा आजार) होऊन हातपाय लुळे पडलेला पेशंट, अशांना हे देतात. सांधा बरेच दिवस हललाच नाही तर त्याभोवतीचं आवरण आणि स्नायू आखडतात, पोटरी आखडून पाऊल खाली वळतं आणि मग पायात ताकद परत आली तरी टाच जमिनीला टेकत नाही.

पण याने स्नायूत ताकद येत नाही हे घरच्यांना आधीच सांगायला हवं, बरेच लोक महिनोन्‌महिने नुसता हात हलवत बसतात. आणि थोडा वेळ ताणून आखडणं फारसं थांबत नाही असंही संशोधनात दिसलंय, म्हणून हातपाय नीट स्थितीत ठेवणं, पेशंटला उठवून बसवणं आणि त्याच्याकडून जमेल तेवढी हालचाल करून घेणं हे सोबत लागतंच.

सगळ्यात जास्त चुका खांद्याला होतात. हात पूर्ण वर नेताना साधारण १८० अंशांतले ६० अंश पाठीवरच्या खांद्याच्या पात्याच्या फिरण्यातून येतात, लकव्यात ते पातं आपोआप फिरत नाही, त्यामुळे एका हाताने पातं सरकवत आणि दंड बाहेरच्या बाजूला वळवतच हात वर न्यायचा, नाहीतर आतले स्नायू हाडांत चेमटतात आणि खांदा दुखायला लागतो. मनगट धरून हात ओढायचा नाही, काखेत हात घालून पेशंटला उचलायचं तर मुळीच नाही!

फिजिओ सांधा हलवताना शेवटी हाताला काय लागतं तेही बघतात, हाडाला हाड टेकल्यासारखं कडक की स्नायू ताणल्यासारखं, त्यावरून अडचण कुठे आहे ते कळतं. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी सांध्यातल्या हलक्या, लयीत दिलेल्या हालचालींच्या ग्रेड ठरवल्या, १ आणि २ मुख्यतः दुखणं कमी करायला, ३ आणि ४ कडकपणा घालवायला.

सीपीएम मशीन म्हणजे सांधा आपोआप, सतत हलवत राहणारं यंत्र (कंटिन्युअस पॅसिव्ह मोशन). त्यामागची कल्पना कॅनडाच्या रॉबर्ट सॉल्टर यांची, १९७० च्या दशकातल्या सशांवरच्या प्रयोगांतून आलेली. गुडघा बदलल्यावर हे मशीन सर्रास लावायचे, पण त्याचा फार फायदा दिसला नाही.

कोपराचं मात्र वेगळं आहे. फ्रॅक्चरनंतर कडक झालेलं कोपर मालीश करून किंवा जोरात दाबून मोकळं करायला गेलं तर स्नायूतच हाड तयार होऊ शकतं, मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात त्याला, आणि मग कोपर आणखीनच अडकतं, म्हणून तिथे पेशंटने स्वतःच हळूहळू वाकवायचं असतं.