गिरणगाव: भोंग्याच्या टप्प्यातली वस्ती

लालबाग, परळ, शिवडी, नायगाव, वरळी या पट्ट्याला गिरणगाव म्हणतात, पण या नावाची हद्द नकाशात सापडत नाही. भोंगा कानावर यावा आणि पाळीला चालत पोहोचता यावं, इतकाच त्याचा पसारा.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभारायला घेतली. ती सुरू झाली १८५६ मध्ये. पुढे गिरण्या वाढल्या तशी दाराजवळ राहणाऱ्यांची दाटीही वाढली. बदली कामगाराला सकाळी दारावर हजर राहावंच लागे. कायम कामगार खाडा करी तेव्हाच त्याला दिवस भरता येई. भरती जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या हातात, त्यामुळे माणूस गाववाल्याच्या ओळखीने यायचा आणि राहायचाही गाववाल्यांच्याच खोलीत. भिंतीला ट्रंका, वर दोरीवर कपडे. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागेवर अंथरूण टाकी. जेवण खानावळीत, महिन्याच्या हिशेबावर. या खानावळी बहुतेक बायकाच चालवत.

१९२० च्या दशकात बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी झाल्या: तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. एवढ्याशा जागेत बिऱ्हाड मावणार कसं? निम्मा संसार खोलीबाहेरच चाले.

या एकोप्याचं कौतुक होतं ते रास्तच, पण साचेखातं, म्हणजे गिरणीतलं विणकामाचं खातं, विसरून चालणार नाही. तिथे मजुरी जास्त. धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनात, सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून भोकातून काढावं लागे. हे उष्टं चालणार नाही, असं म्हणत दलित कामगारांना विणकामापासून लांब ठेवलं गेलं. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी नेमका हा प्रश्न लावून धरला.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मात्र वस्तीचं रूप पालटलं ते जमिनीच्या नियमांनी. १९९१ च्या विकास नियंत्रण नियम ५८ प्रमाणे गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले: पालिका, म्हाडा आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. गिरणीची बरीचशी जमीन शेडखाली असते, म्हणून पहिल्या दोघांच्या पदरात तुकडे पडले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती कायम ठेवली. कामगारांच्या घरांसाठीची जागा म्हाडाच्या त्याच आक्रसलेल्या वाट्यातून निघणार होती.