बहुमुखी बुद्धमूर्ती

एकाहून अधिक मुखे असलेल्या बौद्ध प्रतिमांना सैलपणे ‘बहुमुखी बुद्धमूर्ती’ म्हटले जाते. परंतु गौतम बुद्धांची प्रतिमा सामान्यतः एकमुखी व द्विभुज असते, आणि अनेक मुखे मुख्यतः महायान व तांत्रिक वज्रयान या बौद्ध परंपरांतील बोधिसत्त्वांना (सर्व जीवांच्या कल्याणासाठी बुद्धत्वाच्या मार्गावर असलेल्यांना) व देवतांना दिलेली आढळतात.

पुणे जिल्ह्यातील भाजे, बेडसे व जुन्नर येथील चैत्यगृहांत स्तूप हाच पूजाविषय आहे, आणि कार्ले येथे नंतरच्या काळात कोरलेले बुद्धही एकमुखीच आहेत. पुण्याच्या अभ्यासकाला या प्रकाराचे जवळचे उदाहरण पाहायचे तर मुंबईतील कान्हेरी गाठावे लागते. तेथील लेणे क्रमांक ४१ मध्ये चतुर्भुज, एकादशमुख अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, कोरलेला असून, मुख्य मस्तकावर लहान मस्तके थरांनी रचलेली आहेत. भारतात असे शिल्प अत्यंत दुर्मीळ आहे.

या रूपामागील तिबेटी कथेनुसार, दुःखी जीवांची अपार संख्या पाहून अवलोकितेश्वराचे मस्तक फुटले आणि अमिताभ बुद्धाने त्या तुकड्यांपासून नवी मस्तके घडवून सर्वांत वर स्वतःचे मस्तक ठेवले. सर्व दिशांना एकाच वेळी पाहणारी करुणा, हा या अनेक मुखांचा मुख्य अर्थ होय. ही करुणा नेहमी सौम्यच असते असे मात्र नाही. जपानमधील एकादशमुख कान्नोनच्या (अवलोकितेश्वराच्या जपानी रूपाच्या) मूर्तींत समोरची मुखे शांत, एका बाजूची क्रुद्ध, दुसऱ्या बाजूची सुळे दाखवणारी, तर मागचे मुख दुष्कृत्यांना हसणारे असते. मूर्ती बहुधा भिंतीलगत असल्याने हे हास्य भाविकांना क्वचितच दिसते. त्रिमुखी दत्तमूर्तीशी तिची तुलना पुणेकर वाचकाला सहज सुचेल, पण ती फार ताणता येत नाही: दत्ताच्या मुखांत ब्रह्मा, विष्णू व महेश एकत्र येतात, तर येथे एकाच बोधिसत्त्वाच्या वेगवेगळ्या वृत्ती प्रकट होतात.

वज्रयानात चतुर्मुख सर्वविद् वैरोचन हा बुद्ध व अष्टमुख हेवज्र ही तांत्रिक देवता, ही रूपे ध्यानसाधनेशी जोडलेली आहेत. कंबोडियातील बायोन मंदिराच्या शिखरांवरील प्रचंड चेहरे ख्मेर राजा सातव्या जयवर्मनच्या काळातील असून, ते लोकेश्वराचे (अवलोकितेश्वराचे) की खुद्द राजाचे, याबद्दल मतभेद आहेत. म्यानमारमधील बागान येथील आनंद मंदिरात चार दिशांना चार स्वतंत्र बुद्ध उभे असल्याने ते या वर्गात मोडत नाहीत. आणि बँकॉकचा लोकप्रिय ‘चतुर्मुख बुद्ध’ तर वस्तुतः ब्रह्मदेव आहे.